परवान्याची चिठ्ठी

मुंबई

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोहोचलं. चंद्रपूरची दारूबंदी 2021 मध्ये उठली, त्याचा राग अजून तुझ्या मनातून गेलेला नाही. मुंबईत बसून व्यक्तिस्वातंत्र्याच्या गोष्टी करणं सोपं, हे तुझं म्हणणं मला लागलं. दारूपायी ज्यांचे संसार धुळीला मिळाले, त्या बायांपुढे मी स्वातंत्र्याचे पाढे वाचणार नाही. गावच्या बाया मतदानात आडवी बाटली निवडून दुकान बंद पाडतात, त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. झळ ज्यांना बसते त्यांनी ठरवलं, आणि तेही दुकानापुरतं.

आमच्याकडचा प्रकार निराळा आहे. 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे गल्लोगल्ली बार असलेल्या या शहरातही प्यायला आणि बाटली जवळ बाळगायला परवाना लागतो. तोही प्रकृतीच्या रक्षणासाठी म्हणून! धडधाकट माणसाने सरकारदरबारी आजारी व्हायचं. चिठ्ठी ना दुकानदार मागत, ना गिऱ्हाईक घेत. रोज हजारो लोक कायदा मोडतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, कुणाला तरी अडवायचं एखाद्याच्या मनात येईपर्यंत.

माझ्या भाच्याला गेल्या पावसाळ्यात नाकाबंदीत असंच अडवलं. सॅकमध्ये जेवणाचा डबा, ओली छत्री आणि एक सीलबंद बाटली. फुंकायला लावलं, प्यायलेला नव्हता. मग परवाना विचारला, मग वय. चोवीस. बिअर 21 व्या वर्षी चालते, व्हिस्कीला 25 लागतात. मतदान 18 व्या वर्षी, लग्न 21 व्या वर्षी. या पोराचं लग्न झालंय, घर त्याच्या पगारावर चालतं. बाटली गेली, वर पाचशे रुपये गेले, पावती नाही. घरी आला तेव्हा रागापेक्षा शरमेनेच तो गप्प होता. मला ती शरम सहन झाली नाही.

पिऊन गाडी चालवली असती तर त्याला सोडवायला मी गेलो नसतो. सार्वजनिक जागी सिगारेट ओढायला 2008 पासून बंदी आली, तीही योग्यच. धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. पण दाराच्या आत काय? ऑगस्ट 2015 मध्ये इथल्याच मढ परिसरातल्या हॉटेलांच्या खोल्यांतून पोलिसांनी सज्ञान जोडपी उचलली आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केलं म्हणून दंड लावला. कडी लावलेली खोली सार्वजनिक कशी, सांग. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. नाक्यावरच्या पोलिसापर्यंत तो कधी पोहोचणार?

दुकान कुठे असावं, कधी बंद व्हावं, यावर सरकारने हवे तितके कडक नियम करावेत. बायकोवर हात उचलणाऱ्याला, तो प्यायलेला असो वा नसो, तुरुंगात घालावं. माझ्या कपाटातल्या बाटलीसाठी मात्र मी आजाराचं सोंग आणणार नाही.

वहिनी मोर्चाला गेल्या होत्या ना? हे पत्र त्यांना वाचायला दे, आणि त्यांचं मत त्यांच्याच हातून लिहून येऊ दे. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर