जिना रिकामा करायला लावणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहिलं तर रागवाल, म्हणून नुसतं काका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या गल्लीत अग्निशामक दलातून रिटायर झालेले तुम्ही एकटेच, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, आठ जीव गेले. त्यानंतर तुम्ही घरोघर फिरायला लागलात. आमच्याकडे आलात तेव्हा, खरं सांगते, मला वाटलं वर्गणी मागायला आलात. खाली चार माग, वर आम्ही पाच माणसं आणि जिन्यात चादरींचे गठ्ठे. चहाला हात न लावता तुम्ही विचारलंत, "रात्री दोनला लाईट गेलीय, जिन्यात धूर भरलाय. कुठनं बाहेर पडणार वो?" ह्यांनी मागच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथं वरपासून खालपर्यंत पक्कं ग्रील. "चोर आत येत नाही, बरोबर. तुम्ही पण बाहेर येत नाही की."

गठ्ठ्यांवरून हे कुरकुरले. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा, गोडाऊनचं भाडं कोण देणार? पण तुम्ही तीन वेळा आलात आणि तिसऱ्यांदा स्वतःच एक गठ्ठा उचलायला वाकलात, तेव्हा ह्यांना लाज वाटली. जिना मोकळा झाला. ग्रील कापून दार बसवलं. त्याच्या कुलपाची किल्ली शेजारच्या खिळ्यावर, पोराचा हात पोचेल इतकी खाली. अंधारात चाचपून कळावी म्हणून तिला तुम्ही सुताचा जाड गोंडा बांधलात.

गॅसचं तर माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. एलपीजी हवेपेक्षा जड. वरच्या स्वयंपाकघरात गळला तर जिन्यानं खाली उतरणार, आणि खाली मागांच्या मोटारी नि जिकडेतिकडे सुताची पिंज. म्हणून वास आला की कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, आणि गॅसगळतीच्या 1906 नंबरला फोन बाहेर जाऊनच.

मग दिवे मालवून तालीम. धूर वर चढतो, श्वासाची हवा जमिनीलगत राहते, म्हणून सगळे रांगत. पोराला खेळच वाटला. सासूबाई मात्र अर्ध्या वाटेतून परत फिरल्या, ट्रंकेतल्या पाटल्यांसाठी. तुम्ही काही बोलला नाहीत, घड्याळ दाखवलंत. चार मिनिटं. दुसऱ्या खेपेला दोनच्या आत.

यंदा मार्चमध्ये ती रात्र आली. सोलापुरात नळाला पाणी कधी येतं ते तुम्हाला सांगायला नको. अडीचला मोटार लावून ह्यांचा डोळा लागला, आणि जिन्याखाली वायर पेटली. मी जिन्याचं दार उघडणार होते, पण आधी उलट्या हातानं चाचपलं, तुम्ही शिकवलं तसं. गरम लागलं. उघडलं नाही, फटीला ओला टॉवेल लावला. तोवर पोरानं किल्ली काढलेली. शेजारच्यांच्या स्लॅबवरून खाली, थेट मारुतीच्या पारावर. सासूबाई रिकाम्या हातानं आल्या.

तुम्ही बनियनवरच धावत आलात. काय जळलं ते विचारलंच नाहीत. "पाच मोजले का?" मोजले होते. हे बादली घेऊन आत निघाले तर दंडाला धरून थांबवलंत, मेन स्विच पडल्याशिवाय पाणी नाही म्हणून. 101 ची गाडी आली, मोटार आणि दोन गठ्ठे यांवर भागलं. जिन्यात पहिल्यासारखा माल असता तर, हा विचार मी रात्रीचा करत नाही.

त्या दिवशी आभार मानायचे राहिले, तोंडातून शब्दच फुटत नव्हता. म्हणून हे पत्र, काका. रविवारी जेवायलाच या. सासूबाईंनी शेंगाचटणी कुटून ठेवलीय, कडक भाकरी आहे. आणि येताना टेप आणा. कोपऱ्यावरच्या दोन घरांनी ग्रीलला दार करायचं ठरवलंय, माप तुम्हीच घ्यावं म्हणतात.

तुमची,
माग असलेल्या घरातली सून