सुएझचं बिल

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्याख्यांच्या वहीचे फोटो मिळाले. साम्राज्यवाद, राष्ट्रीयीकरण, शीतयुद्ध, अलिप्ततावाद, निर्वसाहतीकरण. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी, हिरव्या पेनानं अधोरेखित. पाठ कर, मार्क पडतील. पण परीक्षा संपली की महिन्याभरात सगळ्याची सरमिसळ होईल, हेही लिहून ठेव. त्यापेक्षा एकच प्रकरण नीट धर आणि हे शब्द त्यात कुठे भेटतात ते बघ.

माझं प्रकरण सुएझचं, म्हणजे भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडणाऱ्या इजिप्तमधल्या कालव्याचं. न्हावाशेव्यातून कंटेनर पाठवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे त्या वाटेवर काही खुट्ट झालं की माझा फोन वाजतो. 2024 च्या सुरुवातीला येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा नाशिकच्या द्राक्षांचे रीफर, म्हणजे थंड कंटेनर, युरोपात दहा-पंधरा दिवस उशिरा पोचत होते. बागायतदारांचा एकच प्रश्न असायचा, ‘भाऊ, हा वाढीव खर्च कोणाच्या अंगावर?’ इतिहास वाचतानाही मी तोच प्रश्न विचारतो. व्याख्येत त्याचं उत्तर सहसा नसतं.

कालवा खुला झाला 17 नोव्हेंबर 1869 ला. कंपनी फर्दिनां द लेसेप्स या फ्रेंच माणसाची, जमीन इजिप्तची, आणि खोदकामाच्या सुरुवातीच्या वर्षांत वेठबिगारीला धरून आणलेले इजिप्तचे शेतकरी. मुंबई-लंडन प्रवास हजारो किलोमीटरनं कमी झाला. सर्वांत मोठा फायदा ब्रिटनचा, ज्यानं आधी या कालव्यात होता होईल तेवढा खोडा घातला होता. इजिप्तच्या पदरात पडलं कर्ज. 1875 मध्ये इजिप्तचा खेदिव्ह, म्हणजे तुर्की सुलतानाच्या नावानं राज्य करणारा शासक, इस्माईल यानं देणेकऱ्यांपायी स्वतःचे शेअर विकायला काढले. कंपनीचा सुमारे 44 टक्के हिस्सा तो. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीनं 40 लाख पौंडांना उचलला. पार्लमेंटचं अधिवेशन चालू नव्हतं, म्हणून रक्कम रॉथ्सचाइल्ड या सावकारी घराण्याकडून उसनी घेतली! पुढच्याच वर्षी इजिप्तचं दिवाळं निघालं, तिजोरीवर ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकारी बसले आणि 1882 मध्ये ब्रिटिश फौज उतरली. हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही तीत होत्या.

आता तुझी साम्राज्यवादाची व्याख्या पुन्हा वाच. ‘दुसऱ्या देशाचा प्रदेश जिंकून आपल्या राज्यास जोडणे.’ इजिप्त त्यानंतरही 1914 पर्यंत कागदोपत्री तुर्की सुलतानाचाच होता. खेदिव्ह जागेवर, मंत्री जागेवर, फक्त कैरोतला ब्रिटिश प्रतिनिधी म्हणेल ती पूर्व दिशा. प्रदेश न जोडताही साम्राज्य चालतं, कर्जवसुलीचा हक्क हातात असला की पुरतं.

राष्ट्रीयीकरण मात्र रंगून वाचण्यासारखं आहे. इजिप्तचा अध्यक्ष नासर याला नाईलवर आस्वानचं मोठं धरण बांधायचं होतं. त्यासाठी देऊ केलेली मदत अमेरिकेनं 19 जुलै 1956 ला मागे घेतली, पाठोपाठ ब्रिटननंही. 26 जुलैला अलेक्झांड्रियाच्या चौकात नासर कालवा कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करायला उभा राहिला. भाषणात ‘लेसेप्स’ हे नाव आलं की तिकडे कालव्याची कार्यालयं ताब्यात घ्यायची, असं ठरलं होतं. त्याची माणसं रेडिओला कान लावून बसलेली. नाव चुकून कोणाच्या कानावरून जाऊ नये म्हणून नासर ते पुन्हा पुन्हा घेत राहिला. श्रोत्यांना वाटलं असेल, या मेलेल्या फ्रेंच माणसाचं एवढं काय!

त्याच भाषणात त्यानं भागधारकांना पॅरिसच्या शेअरबाजारातल्या शेवटच्या भावानं भरपाई देऊ असंही सांगितलं. हे पुस्तकांत एका ओळीत उरकतात, म्हणून तुला मुद्दाम सांगतो. पुढे 1958 मध्ये करार झाला आणि इजिप्तनं ते पैसे चुकते केले.

‘यांना कालवा चालवता येणार नाही’ अशी युरोपात खात्री होती. जहाजाला अरुंद पाण्यातून नेणाऱ्या वाटाड्याला आमच्या धंद्यात पायलट म्हणतात. सप्टेंबरच्या मध्यावर परदेशी पायलट एकदम काम सोडून गेले. इजिप्तनं आपले आणि इतर देशांतून मिळतील तसे पायलट जमवले, आणि जहाजं जात राहिली. मी पायलटांबरोबर काम केलंय, म्हणून सांगतो, ही गोष्ट भाषणापेक्षा मोठी होती.

मग फ्रान्समधल्या सेव्रला ऑक्टोबरात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांची गुप्त बैठक झाली. ठरलं असं की इस्रायलनं हल्ला करायचा आणि बाकी दोघांनी ‘भांडण सोडवायला’ यायचं. 29 ऑक्टोबरला हल्ला, 31 ला ब्रिटिश-फ्रेंच बॉम्बफेक, 5 नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदवर. ब्रिटिश पंतप्रधान ईडननं सेव्रच्या कराराची ब्रिटिश प्रत नष्ट करायला लावली. इस्रायलची प्रत उरली.

आता शीतयुद्ध. तुझ्या वहीत दोन चौकोन आहेत, अमेरिकेचा आणि सोव्हिएतचा. 2 नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव 64 विरुद्ध 5 मतांनी संमत झाला. ठराव अमेरिकेचा, आणि सोव्हिएतचं मत त्याच्याच बाजूनं. विरोधात ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौकोनांच्या मध्ये हे कुठे बसवणार? दोनच दिवसांनी हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे तिथल्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये घुसले, तिथे चौकोन पुन्हा जसेच्या तसे.

अलिप्ततावादाची परीक्षाही याच आठवड्यात झाली. सुएझवर भारत ताबडतोब आणि स्पष्ट बोलला. हंगेरीवर मात्र चाचरला, आणि 9 नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा काढून घेऊन तिथे निवडणुका घ्या असं सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावाविरुद्ध तिथले भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी भारताचं मत दिलं. देशातही त्यावर टीका झाली. जयप्रकाश नारायण गप्प बसले नाहीत. माझ्या मते टीका रास्त होती. उत्तरात लिहायचं की नाही ते तू ठरव, पण लिहिलंस तर तारखेसकट लिही.

आणि ब्रिटन थांबलं कशामुळे? पौंड घसरत होता, गंगाजळी आटत होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसे हवे होते आणि अमेरिका म्हणत होती, आधी फौज काढा, मग बोलू. 6 नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्धबंदी झाली, डिसेंबरात फौज निघाली, तेव्हाच कर्ज मंजूर झालं. जानेवारीत ईडननं पंतप्रधानपद सोडलं. 1875 मध्ये देणेकऱ्यांच्या दारात इस्माईल उभा होता, 1956 मध्ये ब्रिटन.

निर्वसाहतीकरणाबद्दल एवढंच, की ‘सुएझनं साम्राज्य संपवलं’ असं वाक्य कुठे दिसलं तर जरा सावध राहा. भारत नऊ वर्षं आधीच मोकळा झाला होता आणि फ्रान्स अल्जीरियात 1962 पर्यंत लढत राहिला.

इजिप्तमध्ये नंतर संयुक्त राष्ट्रांची जी शांतिसेना गेली तीत आपले जवान होते, 1967 पर्यंत. त्या वर्षी कालवा बंद पडला तो आठ वर्षांसाठी, पण ते प्रकरण वेगळं, पुढच्या पत्रात लिहितो. मेसचे पैसे कालच टाकलेत, बघून घे. आई विचारते, चकल्या मऊ पडल्या नाहीत ना?

तुझा,
बाबा