ढब्बूबद्दल खरं काय ते

प्रिय मनू,

गणपतीत तू आलीस, पडवीतली आपल्या ढब्बू कासवाची नवी टाकी बघितलीस, वरचा दिवा बघितलास आणि "बाबा किती केलंत हो त्याच्यासाठी" म्हणत मिठी मारलीस, वर स्टेटसला फोटो टाकलास 'बेस्ट बाबा' म्हणून, आणि मी काय केलं तर हसलो आणि मोदक आणतो म्हणून आत सटकलो. तुझी आई बघत होती. तेव्हा काही बोलली नाही, पण तुला एसटीत बसवून घरी आलो तर चपला काढायच्या आत म्हणाली, "तिला कधी सांगणार आहात?" तर सांगतोय. फोनवर जमत नाही, फोनवर मी दोन मिनिटांत "जेवलीस का" वर येतो, म्हणून लिहितोय.

ती टाकी मी हौसेने आणलेली नाही. ढब्बू मरायला टेकला होता म्हणून आणावी लागली, आणि टेकला तो माझ्यामुळे.

तू पुण्याला गेलीस तेव्हा वहीच्या पानावर सगळं लिहून फ्रीजला लावून गेली होतीस, खाणं किती, पाणी कधी बदलायचं, ऊन किती वेळ. पहिले चार-पाच महिने मी तसं केलं, खोटं नाही सांगत. मग त्या पानावर लाइटबिल लागलं, त्यावर लग्नाची पत्रिका लागली. त्याच्या खाण्याच्या दाण्यांचा डबा संपला, म्हटलं चिपळूणला गेलो की आणू, तोपर्यंत सुकट घालू, आणि सुकट तो आवडीने खायचा गो, मग चिपळूणला जाऊनही डबा राहूनच गेला. कधी भात, कधी पावाचा तुकडा. पावसात पडवीत झड येते म्हणून टाकीतून काढून निळ्या घमेल्यात घातला आणि घमेलं माडीच्या जिन्याखाली सरकवलं, पाऊस गेला तरी ते तिथेच. तू दर रविवारी विचारायचीस ढब्बू कसा आहे, मी म्हणायचो मजेत. माझ्या हिशोबाने ते खरंच होतं. हलतंय म्हणजे जिवंत आहे, जिवंत आहे म्हणजे मजेत आहे.

आणि लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुला आठवतं, २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर त्या दोन ऑलिव्ह रिडले कासविणींच्या पाठीवर सॅटेलाइटचं यंत्र लावून सोडलं होतं, बागेश्री आणि गुहा, तुझी बारावी तोंडावर होती तरी तू बघायला पळाली होतीस. पुढे बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली ती बातमी मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होतो, खिळे मोजता मोजता, आपली बागेश्री बघा कुठे गेली. आणि घरातलं कासव जिन्याखाली अंधारात.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा नातू आला होता, त्याने घमेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, हा झोपलाय का? डोळेच उघडत नाही." मी उचलून उजेडात आणला. डोळ्यांवर हरभऱ्याएवढी सूज, दोन्ही बंद, चिकटलेले. मानेची कातडी सैल होऊन वळ्या पडलेल्या, मागचे पाय जिथून निघतात तिथे खळगे. कानामागचा तो लाल पट्टा विटून काव लावल्यासारखा झालेला. आणि पाठ, मनू, अंगठ्याने दाबली तर कडेला दबली. कासवाची पाठ दबली. मी दुकानात आयुष्यभर पत्रे आणि पाइप दाबून बघतो, पण असा घाम नाही कधी फुटला.

दुकानातला काटा पाच-पाच ग्रॅमने उड्या मारतो म्हणून आईच्या केकच्या काट्यावर ठेवला. १४२ ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने चिपळूण. आइसक्रीमचा मोठा डबा, झाकणाला भोकं, आत ओलं फडकं. कंडक्टरने विचारलं काय आहे, म्हटलं कासव, तर म्हणाला मग गाडी हळू चालवायला सांगतो. एरवी मी हसलो असतो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "चांदणी कासव नाही ना? तसलं असेल तर वनखात्याला कळवावं लागेल." १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते येतं, पाळताच येत नाही, तरी लोक वास्तूसाठी म्हणून घरात ठेवतात. आपलं ते नाही, आपलं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या बाजूचं, लाल कानाचं, हे त्यांनी पट्टा बघून ओळखलं. ते मुख्यतः गाईगुरं आणि कुत्रे बघतात, तसं त्यांनी सरळ सांगितलं, आणि मुंबईच्या आपल्या एका मित्राला व्हिडिओ कॉल लावला जो असले प्राणी बघतो. तो मित्र स्क्रीनवरून मला विचारत होता, खायला काय देता? मी म्हटलं सुकट. अजून? भात. अजून? मी गप्प. ऊन? मी गप्प. तो रागावला नाही, रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मग त्याने सांगितलं ते असं. डोळे सुजले ते अ जीवनसत्त्व न मिळाल्याने. पाठ मऊ झाली ती कॅल्शियम नाही आणि ऊन नाही म्हणून, उन्हातले यूव्ही किरण अंगावर पडले नाहीत तर कॅल्शियम पोटात गेलं तरी अंगी लागत नाही, आणि काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. डोळे मिटलेले म्हणून खाणं दिसत नाही, दिसत नाही म्हणून खात नाही. म्हणजे मी घालत होतो ती सुकट शेवटी शेवटी तशीच कुजत होती आणि मी पाणी बदलताना फेकत होतो आणि मला वाटत होतं पोट भरलं असेल. ११ सेंटीमीटरची पाठ आहे तर वजन दोनशेच्या पुढे पाहिजे म्हणाला. वयाच्या मानाने लांबीही कमीच आहे, थोडा दोष त्या पहिल्या छोट्या टाकीचा असेल, पण तो मी तुझ्या नावावर घालत नाही, दुकानदाराने "हे एवढंच राहतं" सांगून माडाचं प्लॅस्टिकचं झाड लावलेला डबा आपल्या गळ्यात मारला होता, तेव्हा पैसे मीच दिले होते.

इंजेक्शन दिलं ते पुढच्या पायात, मागच्या पायात दिलं तर औषध अंगात पसरायच्या आधी मूत्रपिंडाकडे जातं म्हणे. डोळ्यांत घालायला मलम. आणि ताकीद, घरी जाऊन लगेच भरवत बसू नका, उपाशी जिवाला एकदम खाणं घातलं तर उलटतं, आधी पाणी अंगात जाऊ दे. कोमट पाण्यात अर्धा तास, दिवसातून दोनदा, पाणी नाकाला लागणार नाही एवढंच.

ते आठ दिवस आई आणि मी पाळीने बसलो. बंबातलं पाणी, थर्मामीटर २८ वर, मलमाची नळी, तुझी जुनी टूथब्रश. डोळ्याच्या कडेला दह्याच्या कवडीसारखं पांढरं यायचं ते कापसाने टिपायचं. वजन वाढायच्या ऐवजी १३८ वर आलं. त्या रात्री मी आईला म्हटलं तिला सांगूया का, तर आई म्हणाली परीक्षा चालू आहे तिची. म्हणजे त्यात तीही सामील आहे थोडी.

नवव्या दिवशी डावा डोळा उघडला. उघडला म्हणजे फट पडली, आणि आतून तो पिवळट हिरवा डोळा आणि त्यातली आडवी काळी रेघ दिसली. आईने आगरातून गांडूळ आणून समोर हलवलं. दोन मिनिटं काही नाही. मग मान पुढे आली, चुकली, परत आली आणि गपकन धरलं. पाण्यातच गिळतात ती, बाहेर गिळता येत नाही. आई देवाला साखर ठेवायला गेली, गांडुळाबद्दल साखर.

पुढे खरी परीक्षा आपल्या पावसाची. जुलैत इथे ऊन कुठलं, म्हणून यूव्हीची नळी मागवली आणि गरमीचा वेगळा दिवा, पाण्यात हीटर. सगळं बसवून दोन दिवस झाले तर वाऱ्याने पोफळी तारांवर पडली आणि तीन दिवस लाइट नाही. बाटल्यांत गरम पाणी भरून टाकीत तरंगवत ठेवल्या, रात्री बाराला आणि पहाटे चारला बदलायला मी उठत होतो. तू तान्ही असतानाही एवढा उठलो नव्हतो असं तुझी आई म्हणते आणि ते खरं आहे.

आता खाणं असं: दाणे, आठवड्यातून दोनदा हाडासकट बारीक मासळी, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा. सुकट बंद. आणि कॅल्शियमचं एक बघ, ते समुद्रफेन असतं ना, किनाऱ्यावर पांढरं होडीसारखं पडलेलं, तू लहानपणी त्यावर नखाने नावं कोरायचीस, ते माकुळाच्या अंगातलं असतं आणि जवळजवळ सगळं कॅल्शियमच. मुंबईवाल्याने विकत घ्या म्हणून सांगितलं, म्हटलं अहो आमच्या दारात पडतं. चार दिवस गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढतो, वाळवतो, तुकडा टाकीत टाकतो. कुरतडतो तो, करकर आवाज येतो पडवीत.

अजून एक, हे गणपतीत मुद्दाम सांगितलं नाही, कारण कोणी सांगितलं विचारलं असतंस. ढब्बू मुलगी आहे. नर असता तर पुढची नखं लांब असती. पण आता ढब्बी म्हणवत नाही मला, तोच म्हणतो. फक्त मादी असली तर फूटभरसुद्धा वाढते, म्हणजे ही टाकी पुरणार नाही, विहिरीजवळच्या जुन्या दगडी डोणीला जाळी मारून घ्यावी असं चाललंय डोक्यात.

आणि मधे ज्याने त्याने सल्ले दिले, समुद्रात सोड, देवळाच्या तळ्यात सोड, पुण्य लागेल. समुद्रात सोडलं तर खाऱ्या पाण्यात मरेल, आणि तळ्यात सोडलं तर आपल्या इकडच्या कासवांचं खाणं आणि जागा ही पळवतात, जगातल्या शंभर सगळ्यात त्रासदायक घुसखोर जातींच्या यादीत ही आहे. जो कोणी असं म्हणतो त्याला मी आता दुकानातच लेक्चर देतो, बागेश्रीच्या वेळेसारखं.

आता पाऊस उघडलाय. सकाळी आठ ते नऊ खळ्यात ऊन देतो, वर जाळी, कारण कावळे टपलेले असतात, आणि अर्धी बाजू सावलीत. मंगळवारी जाळी नीट बसली नव्हती, मी फोनवर बोलत होतो आणि बघतो तर टोपली रिकामी. अर्धा तास शोधला, वाळत घातलेल्या सुपारीखाली शिरून बसला होता. जूनमध्ये चार पावलं टाकवत नव्हती. मी त्याला ओरडलो पण मनापासून नाही.

आज सकाळचं वजन २०४. पाठ दाबली तर दबत नाही आता कुठेच, आणि चकत्यांच्या मधे फिकट रेघा आल्यात, ती नवीन वाढ. लाल पट्टाही भरतोय. दर रविवारी कॅलेंडरवर वजन लिहितो, फोटो वेगळा पाठवतो, १३८ च्या आठवड्यासकट. केकचा काटा मात्र कायमचा गेला, कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात, हात साबणाने धुवायचे म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर आई म्हणाली ठेवा तो तुम्हालाच. तिला नवीन आणून दिला.

रागवायचं असेल तर फोन करून रागव, आईकडे निरोप देऊ नको. तो स्टेटसचा फोटो राहू दे किंवा काढ, तुझं तू बघ.

आणि दिवाळीत येताना यूव्हीची नळी घेऊन ये, जानेवारीत सहा महिने होतील, दिसायला पेटते पण किरण कमी होतात म्हणे. चिपळूणला मिळत नाही. जुन्या नळीवरच्या आकड्यांचा फोटो पाठवतो, तीच घे, किंमत सांग, लगेच जीपे करतो.

बाबा