सिद्दी वारसा केंद्र: पुतळ्याआधी गोधडीचा विचार व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जंजिऱ्याच्या पर्यटनाचा विषय निघाला की मुरुडला सिद्दींच्या, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांच्या भारतीय वंशजांच्या, वारशाचे केंद्र असावे, असे कोणीतरी सुचवतेच. असावेच. पण बोलणे लगेच भव्य इमारत, पुतळा आणि लाइट अँड साउंडवर जाते, म्हणून हे पत्र.

आधी जागेचे. जंजिरा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते आणि वर सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आहेतच. किल्ला समोर दिसणारी जागा धरून बसले की फाइल तिथेच अडते. राजपुरीत किंवा मुरुडमध्ये वापरात नसलेले कौलारू घर भाड्याने घ्यावे. तीन खोल्या पुरतात.

दुसरा प्रश्न, वारसा कोणाचा? खोकरीच्या कबरींचे घुमट, नवाबाचा राजवाडा, कलालबांगडी तोफ हा राज्यकर्त्यांचा वारसा. तो दगडात आणि धातूत आहे, टिकून राहील. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या सामान्य माणसांच्या वंशजांकडे जे आहे, ते हातात आणि गळ्यात आहे, आणि ते मुरुडपासून लांब आहे: उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडला, गीरजवळच्या जांबूरला, भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला. निजामशाहीचा वजीर झालेला खुद्द मलिक अंबरही लहानपणी विकला गेलेला हबशी मुलगाच होता. नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत. त्यांतला जेकब वेनराइट 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. शरणपूर रोडवर मात्र त्याची आठवण कोणाला नाही. तेव्हा केंद्र मुरुडला ठेवावे, कारण पर्यटक तिथे आधीपासून येतात. पण विश्वस्तांत निम्म्याहून अधिक सिद्दी असावेत, आणि तेही तिन्ही पट्ट्यांतले.

काम ध्वनिमुद्रणापासून सुरू करावे. गुजरातच्या सिद्दींचे मलुंगा हे धनुष्यासारखे तंतुवाद्य वाजवणारे फार थोडे उरले आहेत. नुसते वादन टिपून भागत नाही. दांड्याला लाकूड कोणते, भोपळा किती वाळवायचा, तार कशी ताणायची, हे वाद्य बनत असतानाच टिपायला हवे. मुद्रण 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झ वेव्ह फाइलमध्ये करावे. तासाला साधारण एक जीबी लागतो, म्हणजे शंभर तास साध्या हार्ड डिस्कवर मावतात. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप मूळ प्रत म्हणून कधीही ठेवू नये; आवाज त्यात आधीच दाबला गेलेला असतो. संमती गाणाऱ्याच्या बोलीत, त्याच मुद्रणाच्या सुरुवातीला घ्यावी. सिद्दींचे संत बावा गोर यांच्या दर्ग्याशी जोडलेली गाणी भक्तीची आहेत. ती बाहेर ऐकवायची की नाही, हे गाणाऱ्यांनी ठरवावे.

मग कवंडी. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची ही गोधडी आपल्या वाकळेची सख्खी बहीण, पण शिवण्याची रीत वेगळी. एका कोपऱ्यातून सुरुवात, जुन्या कपड्यांचे तुकडे कडा दुमडून एकावर एक चढवत कडेकडेने फिरायचे आणि धावदोऱ्याने आत आत येत मध्यावर संपवायचे. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुले. फुलांशिवाय कवंडी नागडी दिसते, असे त्या मानतात. पर्यटकांसाठी शिवून घेताना घात होतो तो दोन ठिकाणी. शिंप्याकडच्या पॉलिस्टरच्या चिंध्या दिल्या तर कापड सुईखाली सरकते आणि चुण्या पडतात. नगावर पैसे दिले की टाके लांबतात. जुने सुती कापडच द्यावे, आणि मजुरी दिवसावर.

जतनाचा खरा शत्रू कोकणातली हवा. आर्द्रता 65 टक्क्यांवर राहिली की कापडाला, कातड्याला बुरशी धरते. सकाळी दहाला एसी लावून सहाला बंद करणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण गार पडलेल्या वस्तूंवर रात्री दमट हवा बसून पाणी सुटते. एका खोलीला डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू हवा, आणि त्याची नळी थेट मोरीत सोडलेली हवी. बादली ठेवली तर ती भरते आणि यंत्र मध्यरात्री आपोआप बंद पडते. वीज गेली तर त्या खोलीचे दार उघडू नये. कवंड्या घडी घालून ठेवू नयेत, घडीवर धागा तुटतो. धुतलेल्या मांजरपाटात घालून जाड नळीवर गुंडाळाव्यात. नवी आलेली कवंडी हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवावी, कसर मरते. डांबरगोळ्या नकोत.

दमाम ढोलाचे मात्र उलटे. तो कोरड्या खोलीत ठेवला तर कातडे तडकते, बाहेर ठेवला तर पावसात सैल पडते आणि वाजवणारे तो शेकून घेतात. म्हणून ढोल दोन घ्यावेत, एक दाखवायला, एक वाजवायला. वाजवायचा ढोल कपाटात कधीच जाऊ नये.

नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून करावी. देणग्यांसाठी प्राप्तिकर सवलतीची नोंदणीही घ्यावी. घर मे महिन्यातच शाकारून घ्यावे, आणि निदान एक पावसाळा रिकाम्या खोल्यांत आर्द्रतामापक टांगून रोज आकडे लिहावेत. पहिली कवंडी त्यानंतर आणावी.

आपले,
सिद्दी वारशाचे काही अभ्यासक, रायगड