फरशी कापताना पाणी सोडा

संपादक महोदय,

आमच्या सोसायटीत आठवडाभर ग्रॅनाइट कोरडाच कापला जातोय. काल कापणाऱ्या पोराच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या; तोंडाला नुसता रुमाल. ३० वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून जीव तुटतो. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, असतात. उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर भरतील. त्यातली हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ, म्हणून तर प्राणवायू क्षणात रक्तात उतरतो. जाडी धूळ नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव अडवतात. ग्रॅनाइटमधल्या सिलिका या खनिजाची बारीक धूळ मात्र थेट वायुकोशांत पोचते, तिथे व्रण धरतात, पडदा जाड होतो. तो पुन्हा पातळ होत नाही. कटरवर पाण्याची धार सोडली की बरीचशी धूळ जागीच बसते. ठेकेदारांना एवढं तरी सक्तीचं करा.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा