असईचे रणांगण जपा, पण त्यावर काही उभारू नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे नेदरलँड्सला गेलो होतो. तिथून गाडीने पॅरिसला जाताना ब्रसेल्सच्या दक्षिणेला वॉटर्लूला थांबलो. १८ जून १८१५ रोजी नेपोलियन जिथे हरला, ती जमीन आजही शेतीचीच आहे. बेल्जियमने १९१४ साली खास कायदा करून तिथे नव्या बांधकामाला मनाई केली. ऊगोमाँ नावाच्या वाड्याच्या भिंतीत सैनिकांनी बंदुका झाडण्यासाठी पाडलेली भोके अजून आहेत. एका भोकाला डोळा लावून पाहिले. समोर नुसते गवत, पण शत्रू किती जवळ आला असेल, हे पोटात गोळा येऊन कळले.

तिथे जिंकलेला इंग्रज सेनापती वेलिंग्टन म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ साली मराठ्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली. आयुष्यात लढाईतली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे उतारवयात कोणी विचारले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही. असईचे घेतले.

परत आल्यावर मला चैन पडेना. डिसेंबरात आम्ही छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे भोकरदन तालुक्यात गेलो. असईचा रस्ता एका चहाच्या टपरीवर विचारला. टपरीवालेच म्हणाले, "लढाईचं ना? चला, नदी दाखवतो," आणि गिऱ्हाईक सोडून सोबत आले. केळणा नदीच्या काठी कापसाची वेचणी चालली होती. नदीत गुडघाभर पाणी.

मंत्री महोदय, ही नदी म्हणजेच त्या लढाईची किल्ली आहे. २३ सप्टेंबर १८०३. ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरचे भोसले यांची फौज केळणेच्या पलीकडे, नदीच्या आधाराने उभी. तोफा शंभराच्या आसपास, कवायती पायदळ दहा हजारांवर, शिवाय अफाट घोडदळ. वेलस्लीकडे जेमतेम सात हजार माणसे. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही. पण त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली आणि त्याने ताडले, की गावे अशी वसली असतील तर मधून येण्याजाण्याची वाट असणारच. तिथूनच तो उतरला आणि केळणा व जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरला. शिंद्यांचा सेनानी पोलमन याने सगळी फळी वळवून त्याच्यासमोर उभी केली. एवढी मोठी फौज अशी वळवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. आमच्या शाळेच्या पुस्तकात असईला एक ओळ होती, आणि त्या ओळीत फक्त पराभव होता.

त्या पट्ट्यात उभे राहिले की हे सारे कोणी न सांगता समजते. उजवीकडे एक नदी, डावीकडे दुसरी, पुढे गाव. आणि इथेच आपले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. आज क्रिकेटमुळे घरोघरी पोचलेला हा शब्द मुळात तोफ डागणाऱ्याचा. इंग्रज पुढे सरकल्यावर मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. हे खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. त्यांची दीड हजारांहून जास्त माणसे त्या दिवशी मारली गेली किंवा जखमी झाली. त्या लढाईची खूण म्हणून इंग्रजांकडून लढलेल्या मद्रासी पलटणींना मिळालेला हत्ती भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आजही आहे. आपल्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव मला सांगता येत नाही, याची खंत वाटते.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा ऊर भरून आला होता. पण किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो, तो डोळ्यांना दिसतो. रणांगणाला फक्त जमीन असते. एक लेआउट पडला, नदीकाठी एक मोठे बांधकाम झाले, की ते कायमचे पुसले जाते.

म्हणून विनंती आहे. राज्याच्या १९६०च्या स्मारक कायद्याचा आधार घेऊन असईच्या उताराला आणि दोन नद्यांमधल्या पट्ट्याला संरक्षण देता येईल का, हे पुरातत्त्व विभागाकडून तपासून घ्या. शेतकऱ्याला मात्र तिथून हलवू नका. वॉटर्लूलाही नांगर थांबलेला नाही. गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी आत्ताच टिपून घ्या, कोणाला नांगरताना काही सापडले असेल तर त्याची नोंद करा. शक्य तिथे मराठीत साध्या पाट्या लावा, फौजा कुठे उभ्या होत्या ते दाखवणाऱ्या.

आणि कृपा करून तिथे भव्य काही बांधू नका. वॉटर्लूला १८२६ मध्ये सिंहाचा पुतळा बसवण्यासाठी रणांगणातलीच माती खणून टेकडी केली. २२६ पायऱ्या चढून मी वर गेलो, दृश्य सुरेखच आहे. पण ज्या उंचवट्याच्या आडोशाने वेलिंग्टनने फौज लपवली होती, त्याचाच मोठा भाग खणून त्या टेकडीत गेला. असईला ही चूक करायची वेळ अजून आलेली नाही.

येत्या २३ सप्टेंबरला आपण स्वतः तिथे यावे. केळणेला तेव्हा पाणी असेल, त्या दिवशी होते तसेच. उतार दाखवायला टपरीवाले काका नक्की येतील.

आपला नम्र,
पुण्याचा एक प्रवासी