रिपोर्ट दोघांचा हवा

प्रिय मनू,

तू पाठवलेली बातमी वाचली. सिकलसेलवर, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावर, आता भारतातच जनुकीय उपचार, आणि खाली तुझी ओळ, ‘आई, मग आता टेस्टचं एवढं काय घेऊन बसायचं?’ लग्नाआधी तुझ्यासारखीच निखिलचीही रक्ततपासणी व्हावी, एवढंच मी म्हणतेय. फोनवर हा विषय काढला की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून लिहून पाठवतेय. सवडीने वाच. निखिललाही दे वाचायला.

बातमी खोटी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने ‘बिरसा १०१’ नावाची क्रिस्पर, म्हणजे जनुकात काटछाट करणारी, थेरपी जाहीर केली, बिरसा मुंडांच्या नावाने. तंत्रज्ञान दिलंय तुमच्या पुण्याच्या सीरमकडे. आनंदच आहे. पण जाहीर होणं वेगळं आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळणं वेगळं, हे तुला मी सांगायला नको. परदेशात हे आधी झालंय. कॅसगेवी नावाच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच डिसेंबरात मंजुरी दिली. ज्या ३१ रुग्णांचा निकाल मोजता आला, त्यांतल्या २९ जणांना सलग वर्षभर तरी एकही मोठा दुखण्याचा झटका आला नाही. सिकलसेल असलेल्या तुझ्या आत्याला बघितलेल्या माणसाला या आकड्याची किंमत कळते. तिकडची किंमत मात्र २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या घरात.

ते करतात काय, तेही ऐक, कारण इथेच तुझा हिशेब चुकतोय. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, गर्भातलं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद पडतं आणि मोठ्या माणसाचं सुरू होतं. ज्याचं बिघडलेलं आहे त्याचा त्रास तेव्हापासून सुरू होतो. म्हणून एसएस असलेलं, म्हणजे आई-बाप दोघांकडून बिघडलेला जनुक आलेलं, बाळ पहिले पाच-सहा महिने अगदी ठणठणीत दिसतं. हे गर्भातलं हिमोग्लोबिन बंद ठेवण्याचं काम बीसीएल११ए नावाचा जनुक करतो, हे २००८ च्या सुमारास बोस्टनच्या मंडळींनी दाखवलं. कॅसगेवीत रुग्णाच्याच मूळ पेशी काढतात, त्यांच्यातला हा बंद करणारा भाग कापतात आणि पेशी परत देतात. मधल्या काळात जबरदस्त केमो देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. महिना-महिना दवाखान्यात, केस जातात, मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते.

आणि मुख्य गोष्ट अशी की सिकलसेलचा जो बिघडलेला जनुक, एस, त्याला कॅसगेवीत हातच लावत नाहीत. तो आहे तिथेच राहतो. दुरुस्ती होते ती रक्त बनवणाऱ्या पेशींत, बीजात नाही. उपचार घेऊन बरा झालेला माणूसही पुढच्या पिढीला तोच जनुक देणार. तेव्हा ‘उपचार आला, आता टेस्ट कशाला’ हे म्हणणं कुठे बसतं ते तूच सांग. शिवाय तू रुग्ण नाहीसच. तू एएस आहेस, वाहक, म्हणजे एक जनुक चांगला आणि एक एस. तुला ना गोळी लागते ना क्रिस्पर. प्रश्न आहे तो तुमच्या दोघांच्या होणाऱ्या मुलाचा.

नव्या औषधांच्या बातम्यांवर मी चटकन उड्या मारत नाही, त्यालाही कारण आहे. २०१९ मध्ये व्हॉक्सेलोटर नावाची गोळी आली. हिमोग्लोबिन वाढतं म्हणून अमेरिकेने लवकर मंजुरी दिली, केवढं कौतुक झालं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ती जगभरातून मागे घेतली, कारण पुढच्या अभ्यासांत झटके आणि मृत्यू यांचा हिशेब उलटा दिसायला लागला. लॅबच्या कागदावर हिमोग्लोबिन वाढलं म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे. मी लॅबमध्ये आयुष्यभर तो कागदच छापत आले, तरी सांगते.

याउलट आत्याची कॅप्सूल बघ. हायड्रॉक्सीयुरिया, जुनं औषध, मुळात कॅन्सरवरचं. तेही गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं जागं करतं. नागपूरला डॉ. दीप्ती जैन यांनी त्याचा कमी डोस, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, ६० मुलांवर तपासला. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषधवाल्या मुलांचे झटके आणि रक्त चढवण्याच्या वेळा दोन्ही खूप कमी झाल्या. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे आपला सिकलसेल सौम्य असं पुस्तकात वाचून लोक इथे येतात. आत्याला हिवाळ्यात पहाटे गुडघे पोटाशी घेऊन कण्हताना बघितलं असतं तर ‘सौम्य’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नसता. तिच्या लहानपणी घरात ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून अंगारे-धुपारे झाले. औषध सुरू झालं तेव्हा चाळिशी उलटली होती. आता दर काही आठवड्यांनी येऊन सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, हात पुढे करते आणि वर मलाच ऐकवते, ‘वहिनी, सुई जरा बारीक घेत जा.’

उन्हाळ्यात तिचं पाण्याचं वेड तुला चेष्टेचं वाटायचं. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी नुसतं निघून जातं, आणि अंगातलं पाणी घटलं की पेशी जास्त वाकतात, अडकतात. चंद्रपूरकडच्या सत्तेचाळीस अंशांत अशा माणसाने दुपारी शेतात उभं राहायचं म्हणजे काय ते समज. हवामानबदलावरचे लेख तू पाठवतेस, ते मला या बाजूने वाचायला आवडतात. उन्हाळा लांबला तर माझ्या रजिस्टरमध्ये कोणाची नावं वाढतील, हे मी नेमकं सांगू शकते.

हा जनुक इथे टिकला तोही या भागातल्या हवेपाण्यामुळेच. मलेरिया. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की एकच एस जनुक असलेल्या मुलांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे डास, जंगल आणि ताप, तिथे वाहक तगले. गोंड, माडिया, परधान, तिकडे नंदुरबारकडे भिल्ल-पावरा, आणि विदर्भात आदिवासी नसलेल्या कितीतरी समाजांतही तो आहे. तुझ्या बाबांकडून तुला जो आला, त्याने त्यांच्या कोण्या खापरपणजोबाला तापातून वाचवलं असेल. दोन जनुक एकत्र आले की मात्र उलटं. एसएस असलेल्याला तोच मलेरिया सगळ्यात महाग पडतो.

आता खरा विषय. निखिलची आई म्हणाली ना, ‘आमच्याकडे सांगलीत असलं काही नसतं.’ सिकलसेलपुरतं बहुतेक बरोबर असेल. पण एवढ्यावर मी थांबणार नाही.

आमच्याकडे पहिली तपासणी कशी होते ते तू लहानपणी स्टुलावर बसून पाहिलीयेस. काचेच्या नळीत रसायन, त्यात रक्ताचा थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, नळी गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. झालं. शिबिरात शेकडो माणसं अशीच उरकतात. या नळीला दोनच गोष्टी कळतात, एस आहे किंवा नाही. एक आहे की दोन, हे तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेवर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायचे, तिथे पट्टीवर ए पुढे पळतो आणि एस मागे राहतो, वाहकाचे दोन पट्टे दिसतात. किंवा हल्ली एचपीएलसी, तेच प्रकार मोजून देणारं मशीन. आणि बीटा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याचा दुसरा आनुवंशिक आजार, त्याचा वाहक तर या नळीत चक्क निगेटिव्ह येतो. तो तुझ्यासारखाच धडधाकट असतो, फारतर ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या’ एवढं कुणीतरी सांगितलेलं असतं. पण त्याचा एक थॅलेसेमिया आणि तुझा एक एस मुलात एकत्र आले तर ते मूल जवळपास एसएससारखंच आजारी पडू शकतं. दर गरोदरपणात चारात एक. आणि थॅलेसेमिया काही जंगल बघून येत नाही.

म्हणून नुसती ही नळीची तपासणी, सोल्युबिलिटी, करून ‘निगेटिव्ह आली, आंटी’ म्हणून मला कळवू नका. निखिलने एचपीएलसी करावी, सोबत सीबीसी. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगायचं, नाहीतर रिपोर्ट दुसऱ्याच्याच रक्ताचा यायचा. एचपीएलसीच्या कागदावर ए२ नावाचा रकाना असेल, तो साडेतीन टक्क्यांच्या वर दिसला तर मला फोन.

तू अडखळतेस कुठे ते मला कळतं. तुला भीती रिपोर्टची नाही, त्याच्या घरात ‘मुलीतच दोष आहे’ म्हटलं जाण्याची आहे. ही भीती खोटी नाही. आमच्याकडे तपासणीच्या निकालाचं कार्ड वाटतात, समुपदेशन होतं, आणि तरी बस्त्यापर्यंत आलेलं लग्न मुलीच्या कार्डावर ‘एएस’ दिसलं म्हणून मोडतं. मुलाचं रक्त कोणी बघितलेलंच नसतं! तो एए, म्हणजे दोन्ही जनुक चांगले असलेला, असेल तर एकही मूल एसएस होणार नाही, फारतर दर मुलामागे निम्मी शक्यता तुझ्यासारखं वाहक होण्याची. म्हणजे जिथे काहीच धोका नाही तिथे लग्न मोडायचं, आणि दुसरीकडे कार्ड लपवून दोन वाहकांनी बिनधास्त बोहल्यावर चढायचं. त्या पोरींनी कार्ड ट्रंकेच्या तळाशी टाकलं तर मी त्यांना काय बोलू?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ग्रीसमध्ये ऑर्खोमेनोस नावाच्या गावात जवळपास दर चौथा माणूस सिकलसेलचा वाहक होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथे संशोधकांनी सगळ्यांची तपासणी केली, समजावून सांगितलं, आणि काही वर्षांनी परत जाऊन बघितलं. वाहक-वाहक लग्नं तेवढीच होत होती, जेवढी आंधळेपणाने झाली असती. फरक एवढाच पडला होता की लोक आपलं वाहक असणं लपवायला शिकले होते. सायप्रसने मात्र थॅलेसेमियासाठी वेगळी वाट काढली. तिथलं चर्च १९८० च्या दशकापासून लग्नाआधी एक दाखला मागतं. त्या दाखल्यावर निकाल लिहिलेलाच नसतो, फक्त तपासणी आणि समुपदेशन झालं एवढंच. निकाल त्या दोघांचा, गावाचा नव्हे. बहुतेक वाहक जोडपी लग्न करतातच, पण पुढे काय करायचं ते माहीत असून करतात. थॅलेसेमियाची बाळं तिथे जवळजवळ जन्मेनाशी झाली. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. तपासण्या होतील, त्यात मला शंका नाही, त्या आम्हीच करतोय. कार्डाचं पुढे काय होतं याचा विचार मात्र कोणीतरी सायप्रससारखा करायला हवा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनाही हा धडा फार आधी मिळाला होता. त्यांनी तिथे सिकलसेल शोधून काढला, आणि लोकांना त्याचं काही वाटलंच नाही. त्यांच्या दृष्टीने घरातली दुसरी दुखणी मोठी होती. मग ते लोकांना विचारून काम करू लागले. संशोधन बरोबर असूनही ऐकणाऱ्याचं नसेल तर फाइलीत राहतं.

माझं-बाबांचं तुला ठाऊकच आहे. मी नागपूरला डीएमएलटी, लॅबचा डिप्लोमा, करत होते, आत्या भरती होती, घरच्या सगळ्यांची रक्तं आमच्याकडे आली, त्यात बाबांचे दोन पट्टे मीच लावले होते. नंतर त्यांनी विचारलं तेव्हा मी माझंही रक्त त्याच मशीनवर चालवलं. एए निघालं. एएस निघालं असतं तरी मी नाही म्हटलं असतं असं नाही, पण मग तुझ्या वेळी मी वेगळी वागले असते.

तेच तुम्हालाही आहे. समजा निखिलचं काही निघालं, तर लग्न मोडा असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणालं तर त्याच्याशी भांडेन. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन बाळाचं कळतं. त्याही आधी, प्रयोगशाळेत गर्भ तपासून रुजवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, खर्चिक आहे. किंवा काहीच न करता बाळ झाल्या झाल्या तपासायचं. तेही कमी नाही. १९८६ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, लहानग्या एसएस मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर रक्तात पसरणारा न्यूमोकॉकस या जंतूचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला, इतका की अभ्यास मुदतीआधी थांबवून सगळ्यांना औषध दिलं. आजार आधी माहीत असेल तरच हे जमतं. यातलं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला त्यात मत विचारलंत तर देईन, नाही विचारलंत तर गप्प बसेन, निदान प्रयत्न करेन.

त्याला हे कसं सांगायचं ते सुचत नसेल तर तुझा रिपोर्ट आधी त्याच्यासमोर ठेव आणि दोघांनी एकाच दिवशी लॅबमध्ये जा. तू पुन्हा रक्त दिलंस तरी काही बिघडत नाही. रिपोर्ट निघाल्यावर तो आधी तुम्ही बघा, मग त्याच्या आईला काय आणि किती सांगायचं ते त्याने ठरवायचं, तू नाही.

दिवाळीला त्याला घेऊन येणार असशील तर आधी कळव. आत्या विचारतेय, पोरगा सावजी रस्सा झेपवेल का.

तुझी,
आई